अंगठा चोखायची सवय: दिवसाची आधी सोडवा, रात्रीची मागाहून

दोन-तीन वर्षांचं मूल अंगठा चोखत असेल, तर तूर्त काहीच करू नका. स्वतःला शांत करायची ही त्याची पद्धत आहे आणि बहुतेक मुलं 2 ते 4 वर्षांच्या दरम्यान ती आपणहून सोडतात. चौथं सरल्यावरही चालूच राहिलं, तर लक्ष घाला. साधारण सहाव्या वर्षी पुढचे कायमचे दात येऊ लागतात, त्याआधी सवय सुटलेली बरी. अंगठा नुसता तोंडात ठेवणं वेगळं आणि गाल आत ओढून तासन्‌तास जोरात चोखणं वेगळं. जोरात चोखल्याने वरचे दात पुढे येतात, तोंड मिटलं तरी वरच्या-खालच्या दातांत फट राहते, टाळू अरुंद होतो.

पहिला आठवडा फक्त निरीक्षण करा. अंगठा तोंडात कधी गेला, त्याआधी काय चाललं होतं, हे लिहून ठेवा. झोप, कंटाळा, भूक, भीती, टीव्ही: यांतलंच काहीतरी पुन्हा पुन्हा दिसेल. भुकेला खाणं आणि झोपेला लवकर अंथरूण, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

मग मुलाशी बोला. आरशात त्याचे दात त्यालाच दाखवा. चारचौघांत टोकू नका, हात ओढून काढू नका. ओशाळलेलं मूल धीरासाठी पुन्हा अंगठ्याकडेच वळतं, फक्त लपून.

सुरुवातीला दिवसातली एकच वेळ निवडा, समजा टीव्हीची. तेवढा वेळ हातात मऊ चेंडू द्या आणि आठवण म्हणून अंगठ्याला चिकटपट्टी लावा. चिकटपट्टी तोंडात सुटून घशात जाऊ शकते, म्हणून झोपण्यापूर्वी ती काढा. वेळ निभावली की कॅलेंडरवर मुलानेच स्टिकर लावायचा. चुकलं तर आधीचा स्टिकर काढून घेऊ नका; तिथेच मुलाचा उत्साह मावळतो.

रात्र शेवटी घ्या. झोपेत हात तोंडात जातो तो नकळत, त्यात मुलाचा दोष नाही. हातमोजा बहुधा निघून येतो. त्यापेक्षा लांब बाहीच्या सदऱ्याचं बाहीचं तोंड शिवून टाका. मूल तयार असेल तरच हा उपाय करा.

कडू लेपही त्याच्या संमतीनेच, औषधाच्या दुकानातूनच आणा. तिखट कधीच लावू नका, तोच हात डोळ्यांना लागतो.

आजारपणात किंवा घरात नवं बाळ आल्यावर सुटलेली सवय परतू शकते. थोडे दिवस थांबा आणि पुन्हा एकाच वेळेपासून सुरू करा.

दोन-तीन महिने नेटाने करूनही फरक नसेल किंवा दातांत फट दिसत असेल, तर मुलांच्या दातांच्या डॉक्टरांना दाखवा. गरज पडल्यास ते टाळूजवळ तारेची छोटी जाळी बसवतात. अंगठा तिथे टेकत नाही, त्यामुळे चोखण्यातली मजा जाते. नखाच्या कडेला सूज किंवा पू दिसला, तर मात्र वाट न पाहता मुलांच्या डॉक्टरांकडे न्या.