जास्त रनिंगची परफॉर्मन्स कार घेताय? आधी हे बघा

ओडोमीटरवर 1.5 लाख किमी दिसले म्हणून लगेच पळू नका, वेळेवर सर्व्हिस झालेली तशी गाडी ऑइल न बदलता पिदडलेल्या 60 हजारवालीपेक्षा कधीही बरी. बघायला जाल तेव्हा इंजिन थंडच हवं, मालकाला आधीच सांगून ठेवा, कारण टायमिंग चेनचा (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघड-बंद करणारी साखळी) खडखडाट आणि निळा धूर कोल्ड स्टार्टलाच नीट पकडता येतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटची (इंजिन ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) शंका घ्या. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, कराच, सिलिंडरांमधला फरक 10 टक्क्यांच्या आत असला की ठीक. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकी खर्चही टाळलाच असणार.

घेतल्यावर सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड बदला. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन आहे आणि बदलल्याचं बिल नाही? मग तो पहिल्यांदा, वॉटर पंपासकट, कारण तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. टर्बो असेल तर ऑइल गरम होईपर्यंत रेव्ह (इंजिन जोरात फिरवणं) नको, आणि जोरात चालवून आल्यावर मिनिटभर आयडलला राहू द्या. रिमॅपचं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं, नंतर बघू.