टायगर बार्ब आणि एंजलचे कुरतडलेले पर

माशांच्या तीन फुटी टाकीत ४ टायगर बार्ब आणि एक लांब परांचा एंजल मासा. आठवडाभरात एंजलच्या लांब परांचे नुसते धागे उरले. बिचारा फिल्टरमागे तोंड खुपसून उभा असायचा, बघवत नव्हतं. दगड-झाडं हलवून पाहिली. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. बार्ब थव्याने राहणारा मासा, संख्या कमी असली की दुसऱ्यांच्या शेपटीमागे लागतो. म्हणून आणखी ६ आणले. आता ते आपसातच पळापळ करतात. तरी एंजलला वेगळ्या टाकीत हलवलंच. लांब परांचा मासा बार्बसोबत ठेवूच नये, असं माझं ठाम मत झालंय. औषध घातलं नाही, फक्त दिवसाआड थोडं पाणी बदललं. तिसऱ्या आठवड्यात फाटक्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसली. नवे पर!