गुरूचे चंद्र स्वतः कसे शोधावेत : गॅलिलिओच्या वहीच्या वाटेने

इटलीतील पादुआ येथे ७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओने स्वतः घडवलेली, सुमारे वीसपट मोठे दाखवणारी दुर्बीण गुरूकडे वळवली, तेव्हा त्याला गुरूच्या पूर्वेला दोन आणि पश्चिमेला एक असे तीन बारीक तारे जवळजवळ एका रेषेत दिसले. दुसऱ्या रात्री तिन्ही तारे पश्चिमेला होते. त्या दिवसांत गुरू वक्री होता, म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत पश्चिमेकडे सरकत होता. मग तारे उलट पूर्वेला मागे पडायला हवे होते. ९ तारखेला आभाळ भरून आले, १० तारखेला दोनच तारे दिसले आणि तेही पूर्वेला, तर १३ तारखेला प्रथमच चार दिसले. हे तारे नसून गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हे एका नजरेत नव्हे, तर रात्रीमागून रात्री केलेल्या नोंदींतून उलगडले. म्हणूनच माझा आग्रह आहे की, हे चंद्र एकदा पाहून थांबू नये. सलग काही रात्री त्यांची वही ठेवावी.

प्रथम गुरू ओळखावा. पंचांगात गुरूचा अस्त दिलेला असतो. त्या काळात गुरू सूर्याच्या फार जवळ असल्याने दिसत नाही. सुमारे तेरा महिन्यांनी येणाऱ्या प्रतियुतीच्या, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असण्याच्या, सुमारास मात्र तो सूर्य मावळताच पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. तो ताऱ्यांसारखा लुकलुकत नाही. शुक्र त्याहून तेजस्वी असला तरी मध्यरात्री डोक्यावर कधीच येत नाही, त्यामुळे गल्लत होण्याचे कारण नाही. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण आकाशाकडे मुळीच वळवू नये, कारण तिच्यातून सूर्य क्षणभर जरी दिसला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

साधन म्हणून दोन डोळ्यांनी पाहण्याची, दहापट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण पुरते. खरी अडचण हाताच्या थरथरीची असते. नुसत्या हातात धरल्यास गुरू प्रकाशाच्या रेघोट्या मारत नाचतो आणि चंद्र त्या रेघोट्यांत हरवतात. मी गच्चीच्या कठड्यावर घडी घातलेली चादर ठेवून त्यावर दुर्बीण टेकवली, तेव्हा पहिल्यांदा गुरूच्या वाटोळ्या ठिपक्याशेजारी सुईच्या टोकाएवढे तीन बिंदू स्थिर दिसले आणि बराच वेळ मला नजर काढवेना. तिपाई असल्यास उत्तमच. शहरातील दिव्यांचा किंवा चांदण्याचा फारसा अडथळा होत नाही, कारण हे चंद्र चांगलेच तेजस्वी आहेत. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत ते मुख्यतः गुरूच्या झगमगाटामुळे.

आता वही. पानाच्या मध्यभागी गुरूसाठी लहान वर्तुळ काढावे, त्यातून आडवी रेघ मारावी, वर तारीख आणि वेळ लिहावी. दुर्बीण न हलवता ठेवली की गुरू ज्या बाजूने दृश्याबाहेर सरकतो ती पश्चिम. प्रत्येक बिंदूचे अंतर गुरूच्या किती रुंदींइतके आहे, ते अंदाजाने मांडावे. चार चंद्रांपैकी कॅलिस्टो सुमारे तेरा रुंदींपर्यंत दूर जातो, गॅनिमीड साडेसातपर्यंत. युरोपा पाचाच्या आतच राहतो आणि आयो तीनच्या आसपास, त्यामुळे तो बहुधा झगमगाटात लपतो. एखाद्या रात्री दोनच बिंदू दिसले तरी तीच नोंद प्रामाणिकपणे करावी. उरलेले चंद्र गुरूच्या पुढे किंवा मागे, त्याच्या सावलीत किंवा झगमगाटात असू शकतात. ढग आल्यास तसे लिहावे.

आठवडाभराची पाने शेजारी मांडली की या शोधाने जग का हादरले ते कळते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असती तर चंद्र मागे राहिला असता, असा कोपर्निकसच्या मताविरुद्ध आक्षेप घेतला जाई. गुरू तर पृथ्वी स्थिर मानणाऱ्या आणि फिरती मानणाऱ्या दोन्ही मतांनुसार फिरताच होता, आणि तो चार चंद्रांना बरोबर घेऊन जाताना दिसत होता. पृथ्वी फिरते हे एवढ्याने सिद्ध झाले नाही, पण त्या आक्षेपातील जोर गेला, आणि सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते हा समजही उरला नाही.

पुढे आयोची ग्रहणे, म्हणजे त्याचे गुरूच्या सावलीत शिरणे आणि बाहेर येणे, घड्याळासारखी वापरून जमिनीवरील ठिकाणांचे रेखांश काढले गेले. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना हीच ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा दिसतात, हे पाहून १६७६ मध्ये डॅनिश खगोलशास्त्रज्ञ ओले रोमर याने प्रकाशालाही प्रवासाला वेळ लागतो, हे दाखवले.

वही दोन-तीन आठवडे चालली, तर शेवटचे एक काम करावे. गॅनिमीड पूर्वेला सर्वांत दूर दिसला ती रात्र शोधावी आणि तो पुन्हा तिथेच कधी आला ते मोजावे. उत्तर सात दिवसांहून थोडे अधिक यायला हवे.