घरचं तुरीचं बी बिघडतंय? या चुका टाळा

पांढऱ्या तुरीत लाल दाणे निघाले की आपण आधी कृषी केंद्रवाल्याला शिव्या देतो. माझ्या वावरात निघाले तेव्हा शिव्या द्यायला कोणी नव्हतं. बी घरचंच होतं, आईनं सुपात एकेक दाणा पाहून निवडलेलं. त्यात एकही लाल नव्हता!

घोळ असा आहे. दाण्याचं टरफल आईझाडाचं असतं. शेजारच्या लाल तुरीचा पराग मधमाशीनं आणला, तरी यंदाचा दाणा पांढराच दिसतो. तो पेरला की त्या झाडाला लाल दाणे धरतात. म्हणजे भेसळ वर्षभर उशिरा कळते आणि तोवर त्या झाडाचा पराग आजूबाजूला पसरलेला असतो. लाल दाणे वेचून फेकले, तरी उरलेल्या पांढऱ्यात काही संकर दडून राहतात.

प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या वाणापासून १०० मीटर अंतर ठेवतात. चार एकरवाल्यानं ते कुठून आणायचं? त्यापेक्षा कळ्या उमलायच्या आत निवडक झाडांवर मच्छरदाणी बांधा. तूर आतल्या आत स्वतःच्याच परागावर शेंगा धरते. आधी उमललेली फुलं मात्र तोडून टाका.

झाड निवडताना धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं, जाऊ नका. तिथलं झाड डेरेदार दिसतं ते ऊन आणि मोकळी जागा मिळाल्यामुळं. खाडा, म्हणजे बी न उगवलेली मोकळी जागा, त्याच्या शेजारच्या झाडाचंही तेच. दाट तासाच्या, म्हणजे ओळीच्या, मधलं झाड पाहा. मर रोगानं झाडं वाळलेल्या पट्ट्यात जे हिरवं उभं आहे, त्याला तर लाल चिंधी बांधाच. जिथं मर आलीच नाही, तिथल्या झाडाची परीक्षा झालेली नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निवडलेल्या झाडांचा एकच ढीग घालणं. एका झाडाच्या शेंगा एका पिशवीत ठेवा आणि पुढच्या खरिपात एका पिशवीचं एक तास पेरा. ज्या तासात उंची, फुलाचा रंग आणि पकण्याचे दिवस सारखे, ते राखा. ज्यात तीन तऱ्हा दिसतील, ते तास डाळीला जाऊ द्या. असं तीन-चार वर्षं करावं लागतं, कंटाळा येतो.

बीटी कपाशीच्या सरकीवर हा उद्योग करू नका. ती बहुतेक संकरित असते आणि संकरित वाण पुढच्या पिढीत फुटतो, म्हणजे झाडं एकसारखी निघत नाहीत.

आणि बियाण्याच्या शेंगा थ्रेसरमध्ये घालू नका, त्यात आदल्या वावरातली तूर अडकलेली असते. ताडपत्रीवर काठीनं बडवा.