गोव्यात सप्लाय चेनसाठी एआय वापरताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ तारखांचा असतो. माल मंगळवारी रात्री येतो पण सिस्टिममध्ये एन्ट्री पडते गुरुवारी, कारण स्टोअरवाल्याला तेव्हा सवड मिळते, आणि मग एआय धरून बसतो की हा सप्लायर कायम दोन दिवस लेट. म्हणून ऑर्डर कधी दिली, गाडी कधी निघाली, गेटवर कधी पोचली हे तिन्ही भरायला लावा, आणि उशीर झाला तर कारण पण, घाट बंद, गाडी बिघडली, माल कमी आला, जे असेल ते. नुसतं लेट लिहून मॉडेलला काय कळणार?

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. 2024 ला 7 सप्टेंबर, 2025 ला 27 ऑगस्ट, 2026 ला अधिक महिन्यामुळं परत 14 सप्टेंबर. इंग्रजी महिन्यांवर शिकलेलं मॉडेल नारळाची, भाजीची मागणी भलत्याच आठवड्यात दाखवतं. चवथीला किती दिवस उरले असा वेगळा कॉलम द्या. मासेमारी बंदी मात्र 1 जून ते 31 जुलै ठरलेली, ती एकदा भरली की झालं.

दोन सप्लायर आहेत म्हणून डॅशबोर्ड हिरवा दिसतो, यावर तर अजिबात विसंबू नका. दोघंही बेळगावातूनच भाजी उचलतात, दोघांच्या गाड्या चोर्ला घाटातूनच उतरतात, मग पावसात दरड कोसळली की दोघंही एकदमच अडकणार ना! एआयला सप्लायरचं नाव दिसतं, रस्ता दिसत नाही, तो आपणच भरायचा, आणि चोर्ल्याऐवजी अनमोड घाटावरून गाडी आणायची तर किती वेळ आणि भाडं वाढेल तेही. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या फार्मावाल्यांनी, म्हणजे औषध कंपन्यांनी पण व्हेंडरला सरळ विचारावं, तुमचा कच्चा माल चीनमधून येतो का, आणि कुठल्या कारखान्यातून.

2020-21 चा लॉकडाऊनचा डेटा वेगळी खूण करून ठेवा, नाहीतर त्या दोन वर्षांची मागणीच नॉर्मल धरली जाते.

अलर्ट फार येतात अशी तक्रार असेल तर आधी बघा, अलर्ट आल्यावर फोन कोणी करायचा हे ठरलंय का, कारण ते ठरलं नसेल तर खरा अलर्टही तसाच पडून राहतो. आणि विकत घ्यायच्या आधी कंपनीवाल्याला फक्त गेल्या वर्षीच्या मेपर्यंतचा डेटा द्या, त्यापुढच्या जून ते सप्टेंबरचा अंदाज मागा, आणि आपल्या गेट रजिस्टरशी ताडून बघा.