शिडाच्या होड्यांचा क्लब : नव्या हंगामाआधीची तयारी

सभासदांच्या वर्गणीवर आणि सभासदांच्याच श्रमांवर चालणाऱ्या क्लबमध्ये हंगामाची तयारी म्हटली की सगळ्यांचे लक्ष आधी होड्यांकडे जाते. कोणी तळ घासायला घेतो, कोणी शिडे उलगडून बसतो. हे काम आवश्यक असले तरी आरंभ तेथून करू नये. एखाद्या दिवशी किती होड्या पाण्यात सोडाव्यात हे आवारात किती होड्या उभ्या आहेत यावरून ठरत नाही. त्या दिवशी किती बचावबोटी चालू स्थितीत आहेत आणि त्या चालवणारी व किनाऱ्यावरून लक्ष ठेवणारी जाणती माणसे किती हजर आहेत, यावरून ते ठरते. म्हणून कार्यकारिणीने आधी माणसे, मग वेळापत्रक, त्यानंतर बचावबोट आणि सर्वांत शेवटी होड्या असा क्रम ठेवावा.

माणसांची व्यवस्था लावणे हे सचिवाचे सर्वांत नकोसे काम असते, पण हंगामातील बहुतेक कटकटींचे मूळ तेथेच असते. होडी चालवणाऱ्या प्रत्येक सभासदाने हंगामात ठरावीक वेळा किनाऱ्यावरची किंवा बचावबोटीवरची पाळी करावी, अशी अट वर्गणी भरण्याच्या अर्जातच लेखी असावी. पाळ्यांचा तक्ता हंगाम सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी सर्वांना कळवावा, आणि ज्याला नेमलेल्या दिवशी येता येणार नाही त्याने बदली माणूस स्वतः शोधून सचिवाला फक्त नाव कळवावे, असा नियम करावा. बदली शोधण्याचे काम एकदा सचिवाच्या गळ्यात पडले की ते पुन्हा सुटत नाही. प्रत्येक पाळीत एक अनुभवी आणि एक नवा सभासद अशी जोडी लावल्यास पुढच्या वर्षासाठी माणसे आपोआप तयार होतात. पाळीऐवजी जादा पैसे भरण्याची सवलत काही ठिकाणी दिली जाते. ती देऊ नये असे माझे मत आहे, कारण खजिन्यात पैसे वाढले तरी बचावबोटीवर बसायला माणूस लागतोच.

वेळापत्रक आखताना, क्लब समुद्रकिनारी किंवा खाडीत असेल तर, भरतीचे कोष्टक समोर ठेवावे. दिवसातून दोनदा भरती येते अशा ठिकाणी भरतीची वेळ रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्याला जवळजवळ सहा तासांनी. एका रविवारी दुपारी बाराला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास ओहोटी असते आणि त्यापुढच्या रविवारी पुन्हा भरती येते. ज्या क्लबच्या उतारावर, म्हणजे होड्या पाण्यात सोडण्याच्या जागी, ओहोटीला केवळ चिखल उरतो त्याने एकाआड एक रविवारी सराव ठेवावा, किंवा सरावाची वेळ सकाळ आणि दुपार अशी आलटूनपालटून ठेवावी. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाणाची भरती असते आणि प्रवाहाला जोर असतो; नवशिक्यांचे वर्ग त्या दिवसांत न ठेवता अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ठेवावेत. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पाण्याच्या एकूण चढापैकी साधारण निम्मा चढ होतो, म्हणून होड्या उतरवण्याची आणि परत घेण्याची वेळ त्या दोन तासांबाहेर पडेल असे पाहावे. तलावावरच्या क्लबला यातले काहीच पाहावे लागत नाही. त्याने पाण्याची पातळी उतारापर्यंत किती महिने पोहोचते एवढे पाहिले तरी पुरते.

वाऱ्याची मर्यादाही याच वेळी लेखी ठरवून टाकावी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 10 नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वारा 20 नॉट झाला की शिडावरचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. वाऱ्याचा जोर पायऱ्यांत सांगणाऱ्या ब्यूफर्ट मापनातील चौथी पायरी, म्हणजे 11 ते 16 नॉट, ही जाणत्या सभासदांना मौजेची वाटते. नवशिक्याला मात्र ती उलथवून टाकते. मुले, नवशिके आणि अनुभवी अशा तिघांसाठी तीन वेगळ्या मर्यादा ठरवून फलकावर लावाव्यात आणि त्या दिवशीच्या पाळीप्रमुखाचा निर्णय अंतिम मानावा. मर्यादा आधी ठरलेली नसेल, तर ती किनाऱ्यावर सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाच्या उत्साहानुसार ठरते.

बचावबोटीचे इंजिन पहिल्या सरावाच्या दिवशी सकाळी सुरू करून पाहणे म्हणजे तयारी नव्हे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा शोषते आणि साठवणीत बिघडते. गिअरचे तेल काढल्यावर ते दुधाळ दिसले तर सीलमधून पाणी आत जात आहे असे समजावे, आणि नुसते तेल बदलून थांबू नये. थंडाव्याचे पाणी खेचणारा रबरी इंपेलर दरवर्षी काढून पाहावा. पाती वाकडी किंवा भेगाळलेली असल्यास तो बदलावा, आणि इंजिन चालू असताना मागून पाण्याची धार नीट पडते ना हे पाहण्याची सवय प्रत्येक चालकाला लावावी. चालकाच्या पायाला किंवा जाकिटाला अडकवायची किल कॉर्ड, म्हणजे इंजिन तोडणारी दोरी, ओढल्यावर इंजिन खरोखर बंद पडते की नाही याची चाचणी घ्यावी, आणि तिची एक जादा दोरी बोटीवरच ठेवावी. चालक पाण्यात पडला तर बोटीवर राहिलेल्या माणसाला इंजिन पुन्हा सुरू करण्यासाठी ती लागते. बोटीवर दोर कापणारी सुरी, ओढून नेण्याचा दोर, वल्ही, नांगर आणि प्रथमोपचाराची पेटी असलीच पाहिजे. चालकांचा सराव घेताना दोन गोष्टी ठसवाव्यात : आधी माणूस उचलावा, होडीचे नंतर पाहावे, आणि माणूस बोटीच्या कडेला आला की इंजिन बंद करावे, केवळ न्यूट्रलवर ठेवू नये.

लाइफ जॅकेटांबाबत कपाटातील संख्या मोजून समाधान मानू नये. जॅकेटाची तरंगवण्याची ताकद न्यूटन या एककात मोजतात. 50 न्यूटनचे तरंगते जाकीट पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल अशा पाण्यासाठी असते; बेशुद्ध माणसाचा चेहरा वर ठेवण्याची खात्री ते देत नाही. त्यासाठी 150 न्यूटनचे जॅकेट लागते. हवेने फुगणाऱ्या जॅकेटांतील वायूचा सिलिंडर काढून वजन करावे आणि त्यावर कोरलेल्या किमान वजनाशी ताडून पाहावे, आपोआप फुगवणाऱ्या भागाची मुदत तपासावी, आणि जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावे. सकाळी ते मऊ पडले असेल तर बाजूला काढावे. बाजूला काढलेले जॅकेट नंतर कोणी पुन्हा खुंटीवर टांगू नये म्हणून त्याचे पट्टे कापून टाकणे बरे.

आता होड्या. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा बहुधा मधोमध तुटत नाहीत. टोकाला जेथे त्या धातूच्या नळीत दाबून बसवलेल्या असतात तेथे एकेक बारीक तार तुटत जाते. कापसाचा बोळा तारेवरून फिरवावा. तो अडकला की तेथे तार तुटली आहे असे समजून ती बदलावी. शॅकलच्या (दोर-तारा जोडणाऱ्या धातूच्या कड्यांच्या) पिना, सुकाण्याच्या बिजागऱ्यांचे बोल्ट, बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) जेथे डोलकाठीला जोडली जाते तो सांधा आणि सुकाणू निसटू न देणारी छोटी क्लिप, हे भाग स्वस्त असतात, पण पाण्यात मोडले तर होडी निकामी होते. शिडांच्या बाबतीत कापडाआधी शिवण जाते, कारण उन्हाने धागा कुजतो. नखाने ओढल्यावर धागा तुटला तर शिवण पुन्हा घालून घ्यावी. होडीच्या हवाबंद कप्प्यांत पाणी शिरते का हे पाहण्यासाठी होडी उलटी ठेवून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, दुसऱ्या माणसाने बुचाच्या भोकातून अगदी हलक्या दाबाने हवा सोडावी, आणि बुडबुडे येतील तेथे खूण करावी. येथे पंपाचा जोर लावू नये, नाहीतर चांगला सांधाही उकलतो.

नव्या होड्या घेण्याचा विचार असेल तर एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या आकाराची शिडे चढवता येतील असा वर्ग निवडणे क्लबला सोयीचे पडते. आयएलसीए होडी, जी पूर्वी लेझर म्हणून ओळखली जात असे, एकाच सांगाड्यावर तीन आकारांच्या शिडांनी चालते, त्यामुळे हलक्या वजनाचा किशोर आणि वजनदार प्रौढ यांना तीच होडी वापरता येते.

ज्या होड्या पाण्यातच नांगरून ठेवल्या जातात त्यांच्या साखळ्यांची झीज तळाशी घासणाऱ्या, उचलल्या-आपटल्या जाणाऱ्या भागात सर्वांत जास्त होते. वरचा दिसणारा भाग चांगला आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. कॅलिपरने कडीची जाडी मोजावी. जाडी एक-तृतीयांशाने घटली की कडीच्या छेदाचे क्षेत्रफळ मूळच्या निम्म्याहूनही कमी उरते, म्हणून त्याच्या बऱ्याच आधी साखळी बदलावी.

शर्यती घेणाऱ्या क्लबने वर्ल्ड सेलिंग या आंतरराष्ट्रीय शीडनौकानयन संघटनेच्या शर्यत-नियमांची 2025 ते 2028 या काळासाठीची आवृत्ती वापरावी आणि जुन्या प्रती कपाटातून काढाव्यात. पाळीवरील अधिकाऱ्यांना पाच मिनिटे, चार मिनिटे, एक मिनिट आणि आरंभ हा संकेतांचा क्रम किनाऱ्यावरच दोन-चारदा करून दाखवावा. वेळ बावट्यावरून धरायची असते, भोंग्यावरून नव्हे. भोंगा वाजला नाही म्हणून शर्यत थांबवण्याचे कारण नसते.

वार्षिक सर्वसाधारण सभा हंगामाच्या आधी, अंदाजपत्रक मंजूर होऊन दुरुस्तीला वेळ उरेल अशा बेताने घ्यावी. अंदाजपत्रकात इंजिन आणि साखळ्या यांच्या बदलासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळी काढावी, आणि विमा उतरवताना त्रयस्थाच्या हानीची भरपाई, बचावबोट चालवणारे स्वयंसेवक आणि पाहुणे म्हणून आलेले बिगरसभासद या तिन्ही बाबी करारात आहेत का हे शब्दशः वाचून घ्यावे. सभासदांच्या खासगी होड्यांचा विमा हंगामभर चालू असल्याचा पुरावा मिळाल्याखेरीज आवारात जागा देऊ नये.

हंगामाच्या पहिल्या दिवसाच्या दोन आठवडे आधी एक चाचणीचा दिवस ठेवावा. त्या दिवशी पाळीप्रमुख, बचावबोटीचे चालक आणि मोजक्या होड्या पाण्यात जाव्यात, एक होडी मुद्दाम उलटवून तिच्या माणसांना बाहेर काढण्याचा सराव व्हावा, आणि पाण्यात गेलेल्यांची मोजणी ठेवणारा बिल्ल्यांचा फळाही त्याच दिवशी वापरात आणावा : जाताना प्रत्येकाने आपला बिल्ला काढून नेणे, परत आल्यावर लावणे, आणि फळा पूर्ण भरेपर्यंत बचावबोट वर न काढणे. सापडलेला प्रत्येक दोष वहीत लिहून त्यापुढे दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी, आणि तोवर त्या होडीच्या डोलकाठीला लाल फीत बांधून ठेवावी. ही फीत सोडण्याचा अधिकार होडीप्रमुखाखेरीज कोणालाही देऊ नये.