मृगाआधी बांधावरून एक फेरी

वळवाचे दोन-तीन तडाखे होऊन गेले. 25 मेच्या सुमारास रोहिणी निघते, 7-8 जूनला मृग. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडं धूळवाफेची (कोरड्या रानातली) भातपेरणी, इकडं हिवाळ्यात लावलेल्या सुरू उसाची भरणी (बुडाला माती लावणं), मध्येच लग्नसराई, शाळेची वह्या-पुस्तकं. एवढ्या धांदलीत बांधाकडं बघायला कुणाला सवड नसते. पण रानातली माती यंदा रानात राहणार की पंचगंगेला जाऊन मिळणार, ते बऱ्याच अंशी याच दहा-बारा दिवसांत ठरतं. म्हणून हे आत्ताच लिहितोय.

आधी एक सोपी परीक्षा सांगतो. ती पहिल्या जोराच्या पावसात करायची आहे, पण तयारी आजच करा. एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या, झाकणासकट. पाऊस ओसरताना, दिवसाउजेडी, तुमच्या रानातलं पाणी जिथून बाहेर पडतं त्या सांडीवर ती भरा आणि घरी आणून खिडकीत ठेवा. हलवू नका. तळाशी आधी जाड वाळू बसेल. तास-दोन तासांत तिच्यावर पोयट्याचा मऊ थर दिसेल. आणि सकाळीही वर जो तांबूस किंवा काळपट गढूळपणा तरंगत राहिलेला असेल, ती चिकणमाती. आपण टाकलेला स्फुरद (फॉस्फरस) याच कणांना चिकटून बसतो. म्हणजे सुपर फॉस्फेट आणि डीएपीची पोती कुठं गेली, ते त्या बाटलीच्या वरच्या अर्ध्या भागात दिसतं. एक एकर रानातून नुसता एक मिलिमीटर थर वाहून गेला तर चार घनमीटर माती जाते, वजनानं पाच टनांच्या आसपास. एक मिलिमीटर उघड्या डोळ्यांना कळतही नाही. तेवढी माती निसर्गाला पुन्हा घडवायची तर कित्येक वर्षं लागतात.

ही माती जाते कुठं? कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांच्या खोऱ्यांतली सगळी ओघळं प्रयाग चिखलीला पंचगंगेत एक होतात आणि पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. पावसाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतात, तेव्हा पाणी पळत असतं. पण ऑक्टोबरात बरगे घातले की बंधाऱ्यामागं पाणी थांबतं, बरोबर आलेला गाळ खाली बसतो, आणि त्या गाळातलं खत जलपर्णीला मिळतं. उन्हाळ्यात नदी हिरवीगार झाली की आपण शहराच्या सांडपाण्याकडं आणि कारखान्यांकडं बोट दाखवतो. ते बरोबरच आहे. त्यांचा वाटा मोठा आहे आणि तो त्यांनी निस्तरलाच पाहिजे. पण आपल्या सरीतून गेलेला युरियाही त्याच पाण्यात आहे, आणि तो थांबवणं पूर्ण आपल्या हातात आहे. ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या गावांनी तर हे फारच मनावर घ्यावं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही, आणि ते उकळून जात नाही. तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यांत जास्त.

आता काम. पहिलं काम फिरण्याचं. कुदळ आणि चुन्याची पिशवी घेऊन रानाच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. वरच्या रानातलं, रस्त्याचं, माळाचं पाणी तुमच्या रानात कुठून घुसतं ते आधी शोधा. बरीच धूप दुसऱ्याच्या पाण्यानं होते. ते पाणी रानात येऊ न देता वरच्या बांधाच्या कडेनं चर काढून बाजूच्या ओघळीला सोडायचं. हा चर काढताना वरच्या आणि बाजूच्या शेतकऱ्याला बरोबर घ्या. पाणी दुसऱ्याच्या रानात ढकलून दिलं तर पहिल्याच पावसात भांडण उभं राहील.

मग बांध. खेकड्यांची आणि उंदरांची बिळं बुजवा, नुसती माती लोटून नव्हे तर ओली करून, धुमसून. बांध जिथं खचलाय तिथं माती रानातूनच उचला, बांधाच्या पायथ्यालगत खणू नका. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: बांध कोरू नका. दरवर्षी नांगराचं एक तास (एक ओळ) बांधात घालून चार हात बांधाचा दीड हात करून ठेवलेली रानं आपल्याकडं गावोगाव आहेत. एक सरी वाढते आणि पाऊस झाला की तीच सरी अख्ख्या तालीसकट, म्हणजे बांधासकट, खालच्या रानात जाऊन पडते.

बांध कितीही भक्कम केला तरी पाण्याला वाट लागतेच. सांडवा, म्हणजे जादा पाण्याला ठेवलेली वाट, नसलेला बांध फुटणारच. सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा किमान फूटभर खाली ठेवा, तळाला आणि दोन्ही कुशींना दगड बसवा, आणि पाणी जिथं खाली पडतं तिथंही दगडांची पसरण करा. खालची पसरण बहुतेक जण विसरतात. तिथं खड्डा पडत जातो, खड्डा मागं सरकत सरकत सांडव्याखाली येतो आणि सगळं बांधकाम बसतं.

माझ्या स्वतःच्या रानात हे झालंय. पन्हाळ्याच्या बाजूला आमचा उताराचा एक तुकडा आहे. ट्रॅक्टरला वळायला सोपं म्हणून सऱ्या वरून खाली, उताराच्या दिशेनं सोडल्या होत्या. ऑगस्ट 2019 च्या पावसात त्या सऱ्यांचे ओहोळ झाले. पाऊस उघडल्यावर गेलो तेव्हा मधल्या तीन सऱ्या मिळून गुडघाभर खोल घळ पडली होती आणि उसाच्या मुळ्या हवेत लोंबत होत्या. खालच्या ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी आठवडाभर तांबडं होतं. त्या विहिरीवरची माणसं मला काही बोलली नाहीत, पण माती कुणाच्या रानातली ते सगळ्यांना दिसत होतं. दुसऱ्या वर्षी सऱ्या आडव्या घेतल्या.

आडवी सरी म्हणजे नुसती बांधाला समांतर सरी नव्हे, कारण बांध अनेकदा वाकडेतिकडे असतात. उतार मोजावा लागतो आणि त्याला इंजिनिअर लागत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी दहा-बारा मीटर आणा. सारख्या उंचीच्या दोन काठ्यांना तिची दोन टोकं बांधा, दोन्ही काठ्यांवर फूट-इंचाच्या खुणा करा, नळीत पाणी भरून बुडबुडे काढून टाका. एक माणूस रानाच्या कडेला काठी धरून उभा राहील, दुसरा पुढं जाऊन वर-खाली सरकत राहील. दोन्हीकडं पाणी एकाच खुणेवर आलं की तिथं चुन्याचा ठिपका. मग पहिल्यानं दुसऱ्याच्या जागी यायचं, दुसऱ्यानं पुढं. एका सकाळी दोन एकरांत तीन-चार ओळी आखून होतात. त्या ठिपक्यांना जोडणारी रेघ ही समपातळी रेषा, आणि सरी तिच्या बाजूनं काढायची.

पण इथं आपल्या जिल्ह्याचा फरक लक्षात घ्या. गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एकच सल्ला दोन्हीकडं चालणार नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यात अगदी सपाट समपातळी सरी केली तर ती तुंबते, फुटते आणि एक फुटली की खालच्या सगळ्या फुटतात. तिथं सरीला सांडव्याच्या दिशेनं शंभर फुटांत तीन-चार इंच उतार द्या. एवढ्या उतारानं पाणी चालतं, पळत नाही.

शिरोळ आणि हातकणंगल्याच्या खोल काळ्या रानांचं दुखणं वेगळं. तिथं पाणी मुरवण्याचा सल्ला द्यायला माझी जीभ धजत नाही, कारण जादा पाण्यानं आधीच हजारो एकर क्षारपड (क्षार वर येऊन नापीक) झालंय. तिथं निचरा हवाच: उघडे चर, नाहीतर जमिनीखालची सच्छिद्र पाइप. फक्त चर थेट ओढ्यात सोडू नका. तोंडाशी खोलगट गाळखड्डा ठेवा, पाणी त्यात थांबून वरून सांडून जाऊ द्या. पाऊस संपला की त्यातला गाळ उपसून पुन्हा रानात टाका. ती तुमचीच माती आहे.

उसाच्या बाबतीत या हंगामात सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे पाचट, तोडणीनंतर रानात राहिलेला उसाचा वाळका पाला. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या पिकात) ज्यांनी पाचट जाळलं नाही, त्यांच्या रानावर आत्ता जाजम अंथरलंय असं समजा. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की ढेकूळ फुटतं, बारीक कण उडून छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं. पाचटावर तोच थेंब निवांत उतरतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, ते कुजून जमिनीला सेंद्रिय कर्ब देतं, हा फायदा वेगळाच. पाचट असताना खत कसं द्यायचं, ही अडचण खरी. त्यासाठी पहार वापरा: उसाच्या बेटापासून (झुबक्यापासून) वीतभर अंतरावर चार-सहा इंच खोल भोक, त्यात खत, वर माती. मजुरी थोडी वाढते, पण खत मुळाशी जातं आणि ओढ्याला काही मिळत नाही.

सुरू उसाची मोठी भरणी अजून राहिली असेल तर ती मृगाच्या तोंडावर ढकलू नका. भरणीनं माती भुसभुशीत होते आणि तिला बसायला आठ-दहा दिवस लागतात. भरणीचा खताचा हप्ता मातीआड करा. युरिया हातानं फेकून वर पाऊस येईल म्हणून वाट बघायची, ही आपली जुनी खोड आता सोडायला हवी. बेताचा पाऊस खत मुरवतो, पण ऑरेंज अलर्टचा पाऊस ते घेऊन जातो. हवामान खात्याचा अंदाज मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो; अलर्ट असेल तर खताचं पोतं दोन दिवस कोरड्यातच राहू द्या. आडसालीच्या (जुलै-ऑगस्टमधल्या उसाच्या) लागणीला अजून वेळ आहे. तोवर ते रान उघडं ठेवण्यापेक्षा वळवाच्या ओलीवर ताग टाका आणि फुलावर यायच्या सुमारास गाडा.

भाताची खाचरं म्हणजे पूर्वजांनी बांधून ठेवलेली गाळखड्ड्यांची उतरंडच आहे. तिचा बांध सांभाळला की निम्मं काम झालं. चिखलणी करून लगेच पाणी खाली सोडू नका, रोप लावण्याआधी रात्रभर गढूळ पाणी निवळू द्या. युरिया-डीएपीची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) भाताच्या चार चुडांच्या (झुबक्यांच्या) मध्ये, बोटभर खोल चिखलात दाबली की खत पाण्याबरोबर जात नाही. वरून खत टाकलंच तर तीन दिवस बांध फोडू नका.

ओढ्याच्या आणि नदीच्या काठाला सहा-सात हात पट्टा नांगराशिवाय सोडा. एवढी जमीन सोडणं जिवावर येतं, मला माहीत आहे. पण पुरानं काठ तुटायला लागला की नदी त्याच्या कितीतरी पट घेऊन जाते. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत काठच्या शेतकऱ्यांनी ते पाहिलंय. या पट्ट्यात वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, आडवी पसरून उसाचं खत खात नाहीत आणि सावलीही पडत नाही. वैरण हवी असेल तर हत्तीघास. अगदी काठाला करंज, वाळुंज, निरगुडी. वाळ्याचे ठोंब जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चार-सहा इंचांच्या अंतरानं लावले की पुढं दाट कुंपण होतं. आणि मळीची (नदीकाठच्या गाळाच्या रानाची) माती वीटभट्टीला विकण्याचा विचार असेल तर कृपा करून पुन्हा विचार करा. दोन फूट माती गेली की उरलेलं रान पुराच्या पाण्याचं तळं होतं, आणि विटांचे पैसे एका लग्नात संपतात.

तणनाशकाचा पंप पाटात किंवा ओढ्यावर धुऊ नका. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. उकिरडा ओढ्याच्या उताराला असेल तर मृगाआधी हलवा, नाहीतर त्याच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालून वर पाचट टाका. शेणखत पावसाआधी पसरलं असेल तर त्याच दिवशी कुळवून मातीत मिसळा.

जे एकट्याला झेपत नाही, त्यासाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) भेटा. बांधबंदिस्ती आणि समतल चर रोजगार हमीतून होऊ शकतात, आणि तलावातला गाळ रानात आणायला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 पासून आहे. खताचा हिशेब माती तपासून करायचा असेल तर कणेरी आणि तळसंदे इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, उसासाठी कोल्हापुरातलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे.

सिमेंटची वीस-पंचवीस रिकामी पोती आत्ताच गोळा करून रानातल्या खोपीत ठेवा. भर पावसात बांध फुटला तर माती सैल असते, लोटून काही थांबत नाही. पोती अर्धीच भरा, म्हणजे ती एकमेकांत नीट बसतात, आणि फुटलेल्या जागी दोन्ही कडांकडून मध्याकडं रचत या. मधोमध एक पोतं बाकीच्यांपेक्षा खाली ठेवा, पाणी तिथूनच जाऊ द्या. विजा चमकत असतील तर तेवढंही करू नका, घरी थांबा. बांध उघडीप मिळाल्यावर पुन्हा घालता येतो.